मंगळवारच्या सह्या

जीप तलावाच्या पाळीवर चढली तशी जमादार गुणवंतरावांनी नजर बाहेर वळवली. शेजारी ठाण्याचे नवे साहेब मांडीवर रजिस्टर उघडून बसले होते.

"भागीरथाबाई, वय बहात्तर, ढिवर मोहल्ल्यापलीकडे," साहेबांनी वाचलं. "दर मंगळवारी भेट. प्रकृती ठीक. एकही खाडा नाही. छान."

गुणवंतराव नुसतं 'जी' म्हणाले. त्या पानावरच्या चौतीसच्या चौतीस सह्या त्यांच्याच होत्या. भेट एकही नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात बाजूच्या तालुक्यात चोरांनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या नवरा-बायकोला मारहाण करून घर धुऊन नेलं, तेव्हापासून वरून हुकूम होता. गावातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची यादी करायची, आठवड्यातून एकदा दारात जाऊन विचारपूस करायची, कडीकोयंडा पाहायचा. गुणवंतरावांच्या वाट्याला अकरा घरं आली. दहा घरी ते नेमानं जात. शकुबाईला ताप चढला तेव्हा तिला त्यांनी स्वतःच्या सायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. अकराव्या घराकडे निघालेली सायकल मात्र दर मंगळवारी पाळीवरूनच मागे वळायची.

तीन वर्षांपूर्वी भागीरथाबाईचा मुलगा सुरेंद्र सागवान चोरीच्या भानगडीत सापडला होता. लाकडं वाहणारी बैलबंडी त्याची होती. त्या झटापटीत एका वनरक्षकाचा हात मोडला आणि सुरेंद्र पळाला. कोणी म्हणे सिरोंच्यापलीकडे आंध्रात गेला, कोणी म्हणे मेला. तो हाती लागेना म्हणून गुणवंतरावांनी त्याच्या आईला ठाण्यात आणून बाकड्यावर बसवलं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. पाणी नाही, उठणं नाही. संध्याकाळी बाकड्याखाली ओल पसरली तेव्हा कोणीतरी हसलं.

गुणवंतराव हसले नव्हते. पण ते जागचे उठलेही नव्हते. म्हातारीनं लुगड्याचा पदर तोंडावर ओढून घेतला, तेवढं त्यांना दिसलं होतं. त्या तोंडासमोर जाऊन 'बाई, बरी आहेस ना?' असं विचारायची त्यांची छाती होत नव्हती.

जीप थांबली. भागीरथाबाई अंगणात सुपात झिंगे पसरत बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गाडीच्या आवाजाकडे तिनं मान वळवली.

साहेबांनी तिला कोण आलंय ते सांगितलं. तुमच्या सुरक्षेसाठी आम्ही दर आठवड्याला पोलीस पाठवतो, रजिस्टरमध्ये जमादारांच्या सह्या आहेत, पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय, असंही म्हणाले.

"आजी, खरं सांगा. येतात का हे?"

गुणवंतरावांनी टोपी काढून हातात घेतली. नोकरीची चारच वर्षं उरली होती. पण त्या क्षणी त्यांना नोकरीपेक्षा जास्त भीती वाटत होती ती म्हातारी काय काय बोलून दाखवील याची.

भागीरथाबाई थोडा वेळ सुपावरून हात फिरवत राहिली.

"येते ना," ती म्हणाली. "दर मंगळवारी येते."

"येऊन काय करतात?"

"दाराले अडसर बसवून देल्ला. मांगं बिबट फिरून राह्यला होता म्हून झुडपं तोडली. गोळ्या आनून देते. घडीभर बसते, मंग जाते."

साहेबांनी उठून दार पाहिलं. ऐनाच्या लाकडाचा नवा, घट्ट अडसर होता. घरामागची झुडपंही बुडापासून साफ केलेली होती. साहेबांनी गुणवंतरावांच्या पाठीवर हात ठेवला. सव्वीस जानेवारीला तुमचं नाव पुढे पाठवतो, म्हणाले, आणि मोहल्ल्यातल्या लोकांशी बोलायला पुढे गेले.

गुणवंतराव अंगणात तसेच उभे राहिले. अडसर शेजारच्या कोणीतरी बसवला असेल, झुडपंही त्यानंच तोडली असतील. आणि म्हातारीनं ते सगळं त्यांच्या नावावर टाकलं होतं. जिला त्यांनी दिवसभर बाकड्यावर बसवलं, ती आज त्यांची अब्रू झाकत होती. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बाई, मी एकदाही आलो नाई."

"मले मालूम आहे," ती शांतपणे म्हणाली. "तुहा आवाज मी बाकड्यावर बसून दिवसभर आयकला होता. आज त्याच्यानंतर पह्यल्यांदा आयकून राह्यली."

गुणवंतरावांची मान खाली गेली. त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावला. तिनं पाय मागे घेतले नाहीत.

"चुकलो मी, बाई. लाज वाटत होती म्हून आलो नाई. आता येत जाईन. दर मंगळवारी. पोराबाळांची शपथ घेऊन सांगतो."

भागीरथाबाईचा सुपावरचा हात थांबला. इतक्या वेळात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. तिनं चाचपडत त्यांचं मनगट धरलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"नको रे भाऊ. तू सह्याच करत राय. तू येत नाई म्हून त माहा सुरेंद्र येते."