बिनमापाचा कोट

"त्या कोटाला कात्री लावतेस?" आई दुकानाच्या दारातूनच ओरडली.

लेकीने अस्तर आधीच उसवलं होतं. आज दुकानाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी किल्ली नव्या भाडेकरूला द्यायची होती. त्याआधी तिला आईचा तो कोट एकदा अंगात घालायचा होता, आणि ती आईपेक्षा चांगलीच रुंद होती.

बाबा गेल्यावर तिने मशीन चालवून पाहिलं होतं. पण गिऱ्हाईक यायचं, हात पसरून उभं राहायचं आणि म्हणायचं, "तुझे बाबा नुसतं बघायचे. तूही बघ की!" ती बघायची. मग मुकाट्याने टेप काढायची. गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा.

त्या जांभळ्या कोटाची गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. आई तेव्हा याच दुकानात काज-बटणं करायची. बाबांनी तिला एकदा नीट पाहिलं, टेप न लावता कोट शिवला आणि म्हणाले, घालून ये. ती पडद्याआड गेली ती लाजून बाहेरच येईना. आली तेव्हा कोट असा बसला होता, जणू अंगावरच शिवलाय. लग्न ठरलं. बाबा हे रंगवून सांगत, तेव्हा आई दाताने दोरा तोडत मान डोलवी.

"आई, ही शिवण बाबांची नाही." लेकीने कापड उजेडात धरलं. जुन्या टिपेची भोकं ओळीने दिसत होती. तिच्या बाहेरून हातशिलाई. "हा तुझा टाका आहे."

आईने दार लोटून घेतलं.

"हळू बोल. बसला कुठला! असा काचला, की श्वास घेता येईना. हे बाहेर एवढंसं तोंड करून उभे. म्हटलं, आता 'नाही' म्हटलं तर हा माणूस कात्रीच टाकून देईल. उसवला, सैल केला, घातला. लाजतेय कसली, शिवत होते मी!" ती तोंडावर हात ठेवून हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. "शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही त्यांना."

"आणि दोरा?"

"नशीब बघ, याच रंगाचं रीळ, सुई आणि छोटी कात्री पडद्यामागच्या स्टुलावरच पडली होती."

बाबा साधी सुईसुद्धा डबीबाहेर राहू देत नसत. शिवणीच्या आत सोडायचं जादा कापड, म्हणजे माया, तीही ते अर्ध्या बोटाच्या वर कधी सोडत नसत. गिऱ्हाइकं त्यांना त्यावरून चिकट म्हणत. लेकीने कोट उलटा केला आणि जुन्या टिपेपासून कापडाच्या कडेपर्यंत बोटं ठेवली. तीन.

"आई, पत्ता कुणाला लागू दिला नाहीस म्हणालीस?"

आईने वाकून पाहिलं. स्वतःची बोटं ठेवून पाहिली. मग भिंतीवरच्या फोटोकडे वळली.

"अहो लबाड!"

मग खुंटीवरची टेप काढून तिने लेकीच्या गळ्यात अडकवली.

"त्या भाडेकरूला नाही म्हणून कळव. नुसतं बघून त्यांनाही जमलं नव्हतं. आणि हात वर कर, तुझ्या मापाचा करू. मी एकच बोट सैल केलं होतं, अजून दोन बोटं माया शिल्लक आहे."