पाणमांजरांची बातमी

“आई, फुकटचा पेपर तर यंत्र रोज खास तुमच्यासाठी लिहितं. मग सगळ्यांना एकच मजकूर देणाऱ्या ऑनलाइन पेपरची वर्गणी कशाला भरलीत?” सून कुरकुरली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर कुमुदताई नव्या पेपरातली बातमी आठवून स्वतःशीच पुटपुटल्या, “नदीत पाणमांजरं परत आली म्हणे.”

“हो ना, तीन पिल्लं आहेत बरोबर,” शेजारची अनोळखी बाई म्हणाली.

कुमुदताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. गेल्या वीस वर्षांत त्यांनी वाचलेली बातमी दुसऱ्या कुणीच वाचलेली नव्हती.

“जुन्या पुलाखालीच ना?” त्यांनी जपून विचारलं.

“जुन्या पुलाखालीच!” त्या बाईचेही डोळे विस्फारले.

कंपाउंडरने नंबर पुकारला, पण कुमुदताई उठल्या नाहीत. त्या बाईचा हात घट्ट धरून म्हणाल्या, “अगं बाई, म्हणजे आपण एकाच गावात राहतो!”