पितळी टोकन

इंग्लंडमधल्या हौशी लोकांच्या छोट्या रेल्वे मोबाईलवर पाहून लहानूजी आणि त्यांची मुलगी पौर्णिमा यांनी आर्वीच्या बंद पडलेल्या गाडीची प्रतिकृती ओसरीवर उभारली होती. नियमही जुनेच पाळत: पितळी टोकन बाहेर असेल, तर वाटेत कोणीतरी आहे; टोकन परत आले, की वाट रिकामी, वाटेत कोणीच नाही.

नऊ दिवसांपूर्वी पवनारला नदीवर जाताना पौर्णिमाने टोकन मुठीत धरले होते. "मी येत नाई तोवर गाडी सोडू नोका, बाबा."

ती परतली नाही.

आज दुपारी लहानूजींना ती स्थिर गाडी पाहवेना. त्यांनी टोकनाविनाच कळ दाबली.

"पोरगी सापडून नाई राह्यली, अन तुमी गाडी खेळून राह्यले?" तिची आई अन्नपूर्णाबाई आतून ओरडल्या.

इंजिन बाजेखालच्या बोगद्यात शिरले. तो वळसा अकरा सेकंदांचा होता. लहानूजींनी साठपर्यंत मोजले. मग चाके ऐकू आली, ओझे ओढत असल्यासारखी संथ.

इंजिनाच्या आकड्याला टोकन लटकत होते. त्यावरून ठिबकणाऱ्या पाण्याला नदीच्या शेवाळाचा वास होता.

अन्नपूर्णाबाई दारात आल्या. टोकन दिसताच त्यांचा चेहरा उजळला.

"हे तर तिच्याजवळ होतं ना जी! आली का पोरगी?"