टेकाडाचा पत्ता

नव्व्याण्णव सालची गोष्ट. एम.ए.ला शिकणाऱ्या सायमानं आमच्या गावच्या जुन्या टेकाडातल्या रंगीत खापरांवर शोधनिबंध लिहिला आन् पुरातत्त्वाच्या एका त्रैमासिकाला धाडला. खातरजमा करायला संपादक स्वतः एसटीनं मांडवगण फराट्याला उतरले आन् तिथनं आमच्या गावात आले. बघतात तर टेकाडाच्या जागी सपाट रान, त्यात पुरुषभर ऊस.

"कुठंय टेकाड?" संपादक सोबतच्या सायमावर भडकले. "खापरं दुसरीकडून आणली, असं लिहून दे. विषय मिटवू."

"न्हाई देणार लिहून. खापरं ह्याच टेकाडातली हायेत."

"अगं, पण टेकाडच नाही इथं!"

सायमा गावाकडं वळली. संपादक तणतणत मागं. धुरपदामावशीच्या मातीच्या घरापाशी ती थांबली, कोपऱ्यातली शिडी ओढली आन् भिंतीला लावली.



"पावसात घर गळू नये म्हणून पिढ्यान् पिढ्या सगळ्या गावानं टेकाडाचीच माती घरांच्या सपाट धाब्यांवर टाकली, सर. टेकाड वर हाय. चढा!"