दुसरी वायर

खंडेनवमीला सफाईच्या मावशींनी सर्व्हरच्या कपाटाला झेंडूचा हार घातला. त्यांनी तो सारखा करायला ओढला, तर त्यात अडकलेली निळी वायर खट्कन निघून आली. तिची तुटकी क्लिप बदलायचं मी महिनाभर उद्यावर ढकलत होते. कपाटावर लाल दिवा लागला.

अख्ख्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर याच सर्व्हरवर चालतात आणि त्यांची सगळी माहिती शेजारच्या स्टोरेजमधून त्या वायरीने येते. वर ऑपरेशन चालू होतं. मी थिएटरला फोन लावला.

"सिस्टर, स्क्रीन बंद पडला का?"

"नाही हो. डॉक्टर स्कॅन बघतायत. का?"

मी कपाटामागे वाकून पाहिलं. तिथे मी दोन महिन्यांपूर्वी दुसरी वायर जोडली होती. एक असताना आणखी कशाला, म्हणून सगळे हसले होते. आता तिचा हिरवा दिवा जिवाच्या आकांताने लुकलुकत होता. क्षणाचाही खंड न पडू देता सगळा भार तिने एकटीने उचलला होता.

"मावशी, हिने सांभाळलं."

मावशींनी कुंकवाचं बोट तिच्याकडे नेलं आणि मध्येच थांबवलं.

"आत्ता नको हात लावायला. एकटी आहे ती."

आम्ही दोघींनी लांबूनच हात जोडले.