अध्यक्षांची चावी

गायधनीबाईंच्या ऑफिसात, विकायला आलेल्या घरांच्या चाव्या लावायच्या फळीवर, तीन वर्षं एकही चावी लागली नव्हती. शहरातल्या बाकीच्या सगळ्या इस्टेट एजंटांनी मिळून दोन टक्के कमिशन ठरवलं होतं. बाई एक टक्क्यात घरं विकायच्या, म्हणून एजंटांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांना वाळीत टाकलं; त्यांच्याकडच्या घरांना कुणी एजंट गिऱ्हाईक आणेना, मग घरमालकही येईनासे झाले. बाई कोर्टात गेल्या आणि काल जिंकल्या. दर ज्याचा त्याने ठरवायचा, असा निकाल लागला.

आज अध्यक्ष स्वतःच चावी घेऊन दारात उभे होते.

"बाई, माझाच फ्लॅट आठ महिने पडून आहे. आमचेच एजंट माझ्याकडूनही दोन टक्के मागतात हो! तुमचं एकच ना?"

बाईंनी चावी फळीवर अडकवली आणि त्या खळखळून हसल्या.

"तुम्हाला दोन, साहेब. एक टक्क्यात परवडत नाही, हे तुम्हीच कोर्टात शपथेवर सांगितलंत ना?"