गुंड्याचा पिंजरा

पिंजरा बाईनं दिवाणखान्याच्या मधोमध ठेवला, नवऱ्याच्या आरामखुर्चीला खेटून. जागा अडते, असं तो म्हणाला. तिनं ऐकून घेतलं आणि पिंजरा आणखी वीतभर आत सरकवला.

"तिनं कुत्रा मागवलेला दिसतो," तो म्हणाला.

ती म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून ती समुद्रापार गेली, तेव्हापासून या घरात तिचं नाव घ्यायला बंदी होती. तिचा गुंड्या मात्र मागे राहिला होता. थोराड, तपकिरी, आणि कुकरच्या शिटीलाही घाबरणारा.

बाईनं उत्तर दिलं नाही. ती आतल्या खोलीत जाऊन शिलाई मशीनवर बसली. गप्प बसणं म्हणजे कबुली, हे नवऱ्याचं जुनं गणित. सगळा जन्म कारखान्यात मुकादमकी केलेला माणूस तो. कुत्रा या घरचा आहे, तो कुठेही हलणार नाही, असं त्यानं तिथूनच बजावलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पिंजऱ्याचं दार काढून ठेवलं, आत आपली जुनी साडी अंथरली आणि बिस्किटाचा तुकडा टाकला. गुंड्यानं मागचे पाय बाहेरच रोवून मान लांबवली, तुकडा उचलला आणि धूम ठोकली. नवरा पोट धरून हसला. तुरुंगात जायलाही शिकवणी लागते म्हणे.

ती हटली नाही. गुंड्याचं जेवण आत गेलं, मग त्याची दुपारची झोप आत गेली. मग तिनं दार परत बसवलं आणि कडी घातली. आधी एक टीप मारून होईपर्यंत, मग एक बाही जोडून होईपर्यंत. पहिल्यांदा कडी लागली तेव्हा गुंड्यानं गल्ली डोक्यावर घेतली. नवरा तावातावानं उठला आणि कडीकडे हात नेला. तिनं त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नका."

संसारात पहिल्यांदाच कुणी त्याचा हात अडवला होता. तो उभ्याचा तसाच राहिला. मग खुर्चीत जाऊन बसला. गुंड्या भुंकून भुंकून दमला, साडीत नाक खुपसून झोपला. पुढे पुढे अख्खा झगा शिवून झाला तरी आतून घोरणंच ऐकू यायचं.

जनावरांच्या डॉक्टरकडे नवरा मुद्दाम सोबत गेला. प्रवासापुरती झोपेची गोळी द्या आणि मिटवा एकदाचं, असं त्यानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी साफ नकार दिला. गुंगीतल्या जनावराला विमानात श्वास जड जातो, तोलही सांभाळता येत नाही. शुद्धीवर आणि शांत असलेलाच बरा, म्हणाल्या. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर डोकं वर लागत नाही ना, आत वळता येतं ना, तेही त्यांनी पाहिलं. मग विचारलं, सोबत कोण जाणार?

कुणी नाही, माल म्हणून जाईल, असं नवऱ्यानंच परस्पर सांगून टाकलं. बाई गुंड्याचे कान खाजवत राहिली.

घरी येताना त्यानं शेवटचं सांगितलं. कुत्रा जायचा तर जाऊ दे, पण मी विमानतळावर पाऊल टाकणार नाही. टॅक्सी मिळते, असं ती म्हणाली.

निघायच्या सकाळी तिनं गुंड्याला पहाटेच थोडंसं खायला घातलं. मग लांबवर फिरवून आणलं. पिंजऱ्याच्या दाराला पाण्याची वाटी अडकवली. कुणी न सांगता तो आत शिरला आणि गोल फिरून बसला. टॅक्सीवाल्यानं आणि तिनं मिळून पिंजरा गाडीत चढवला. नवरा खुर्चीतून बघत होता. ती परत आत आली तेव्हा, सोडून लगेच ये, जेवणाची वेळ टळायला नको, असं त्यानं सांगितलं.

ती आतल्या खोलीत गेली. मशीनवर कापड झाकलं. पलंगाखालची बॅग ओढून बाहेर आणली, पदर खोचला आणि पायात चपला सरकवल्या.

नवरा उठून उभा राहिला. बॅग कुणाची, त्यानं विचारलं. माझी, ती म्हणाली. तो दारापर्यंत आला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"कुत्रा मागितला होता ना तिनं? मग तू कुठे निघालीस?"

"तिनं कुत्रा कधी मागितलाच नव्हता," बाई उंबरठा ओलांडत म्हणाली. "तिनं मला बोलावलंय. गुंड्याला मी घेऊन चाललेय."